खोकला कापला नाही

बैंगनवाडीत, पोटमाळ्यावर,
दोन गोधड्यांच्या आत आम्ही गाणं रेकॉर्ड केलं.
माईक उसना, त्याला आईचा पायमोजा.
प्रज्योत सुटला होता डंपिंगच्या धुरावर,
आणि तिसऱ्या ओळीनंतर खाली त्याचा बाप खोकला.

"काप ते," तो म्हणाला.
मी कापलं नाही. ठेक्यात बसत होतं.

आता वरळीच्या त्या हॉलमध्ये
तिसरी ओळ संपली की
चार हजार पोरं एकदम खोकतात,
निरोगी, हसत.
नगरसेवकाच्या मिरवणुकीत डीजेसुद्धा खोकतो.

शिवडीच्या वॉर्डात मी बापाला इअरफोन लावला.
ऐकलं. म्हणाला, "हा माझाच ना?
पैसे कुणाला मिळतात याचे?"
मग खोकला,
बराच वेळ,
ठेका सोडून.