दोन हजार शब्दांत

कोशाच्या कचेरीत नियम एकच:
भिंतीवर दोन हजार शब्दांची यादी,
व्याख्या करायची ती त्यांतूनच.
यादीत 'पाणी' आहे, 'समुद्र' आहे,
'हुरहुर' नाही.

आज सगळी सकाळ किटलीत गेली.
झाकण आणि चोच असलेलं भांडं, लिहिलं,
तर चोच फक्त पक्ष्याची चालते, म्हणाले रॅट्रे.
खिडकीबाहेर टे नदीवरचा पूल
धुक्यानं अर्धाच ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी त्या व्याख्या घेऊन
मी डंडीतल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत जाते.
तिथला हीटर एकाच बाजूनं तापतो.
ती बाजू सेलामाविटची,
मासे कापायच्या कारखान्यातून थेट येते ती,
बोटं अजून बर्फातलीच.

'दार': आत जाण्यासाठी जे उघडतात ते.
ओस्ताप म्हणाला, बाहेर जाण्यासाठी नाही?
मी घातलं.
आणि बंद करतात. कुलूप लावतात.
किल्ली शेजारणीकडे देतात, मांजरासाठी.
हे सगळं दारात येतं ना?
एकच ओळ आहे, मी म्हटलं.

'शेजारी': तुमच्या घराजवळ राहणारा माणूस.
अब्दुलकादिर हसला.
तीन वर्षं भिंतीपलीकडे कुणीतरी शिंकतं,
मी 'ब्लेस यू' म्हणतो.
हळू. इकडच्या इकडेच.

मग 'मिस'.
एक: उशीर झाल्यामुळे बस न मिळणे.
दोन: कुणी जवळ नसल्यामुळे वाईट वाटणे.

सेलामाविटनं दोन्ही आकड्यांवर बोटं ठेवली.
दोन कशाला?
अर्थ वेगळे आहेत, म्हणून.
ती गप्प. हीटर टिकटिकत राहिला.
मग मोजक्या शब्दांत, भूतकाळ टाळून, म्हणाली:
मी बसमध्ये. आई येते, पळत येते.
बस लवकर जाते.
आईची बस चुकते.
माझी आई चुकते.
एक आहे.

कुणी काही बोललं नाही.
ओस्तापनं आपली खुर्ची हीटरपासून
आणखी थोडी मागे घेतली.

रात्री मी आकडे खोडले,
दोन्ही ओळी एकीत घातल्या.
सोमवारी कागद परत आला, समासात लाल पेन्सिल:
अर्थ स्वतंत्र. आकडे घाला.

घातले.
किटली मात्र तेवढी मंजूर झाली.