पत्र्याचं माप

पान कापायचा हा पत्रा माझ्या सासूचा.
कडा झिजल्यात, म्हणून माझी विडी
इतरांहून केसभर आखूड.
चेकर सुपात हात घालतो, म्हणतो,
नागमणी, छाट वाढालीय तुझी.

श्रीहरी सोळाचा. एकशे अठ्ठावन्न.
भरतीचं माप एकशे पासष्ट.
हे आकडे तो झोपेत बोलतो.
पहाटे घरकुलातल्या टाकीच्या लोखंडाला लोंबकळतो
आणि तळहाताला गंजाचा वास घेऊनच
शाळेत जातो.

त्याच्या वर्गातली सुप्रजा, किराणावाल्या चिलवेरींची,
तिला रोज रात्री पोटात सुई.
औषध त्यांच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी.
वर्षात चार बोटं वाढली पोरगी.
"अम्मा, मलापण."
एवढंच म्हणाला, कडक भाकरी मोडता मोडता,
आणि शेंगाचटणीकडे बघत राहिला.
मी गळ्यातले मणी चाचपले.
किती रात्रींच्या सुया होतील यात?

सात रस्त्याच्या डॉक्टरनं
पाय मोजला नाही, पाठ मोजली नाही,
डाव्या हाताचा फोटो काढायला सांगितला.
उंची डाव्या हातात असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याच हातात पान धरून
माझं अर्धं आयुष्य गेलं.

दिव्यावर फोटो लावून तो म्हणाला,
ही पेरांपाशी बारीक काळी फट असते ना,
ती उघडी असेतो हाड वाढतं.
याची बुजत आलीय.
पोरगा सोळाचा, हात अठराचा.
त्या मुलीच्या अंगात ते बनतच नाही,
म्हणून बाहेरून द्यायचं.
याच्यात बनतं. बनलं. कामाला आलं.
अजून एखादं बोट वाढेल, आपलं आपण.

श्रीहरीला पाणी आणायला पाठवून
मी पिशवी उघडली.
आणि पैसे असले तर?
त्यानं पिशवीचं तोंड स्वतःच्या हातानं मिटलं.
घेणारे भेटतील तुम्हाला, म्हणाला.
व्यायामशाळेत कुणी ताकदीची सुई टोचेल,
ती तर उरलेली फटही बुजवून टाकते.
दाराशी पोरगा पेला घेऊन उभा होता.
किती वेळचा, कोण जाणे.

रिक्षातून बंद गिरणीची चिमणी दिसली.
मी काहीतरी म्हणणार होते,
एवढी उंच असून काय उपयोग, असलं काही.
गिळलं.
त्यानंही तिकडेच पाहिलं असणार.

फोटो त्यानं खिडकीच्या गजांत अडकवला.
उन्हं आली की भिंतीवर हाडांचा पंजा उमटतो,
माझ्या सुपावर येतो, तंबाखूवरून सरकतो.
"का बघालीस?" म्हणतो,
आणि स्वतःच बघत बसतो.
त्याचे वडील मागावरून आले, भुवयांत कापूस,
काही न विचारता
आपला हात त्या फोटोवर ठेवला.
बरोबर बसला.
दोघंही हसले नाहीत.

रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून
तो म्हणाला, अम्मा, पेन्सिल.
मागच्या रेघा सहा. शेवटच्या तीन एकमेकींवर चढलेल्या.
मी वाकले तशी दिसली मला
त्याची टाच, जमिनीपासून सुटलेली,
पानाच्या शिरेएवढी.

चेकरच्या डोळ्याखालून
दोन-चार आखूड विड्या मी रोज सोडते.
बंडलाच्या मध्ये घालायच्या,
वरून दोरा घट्ट.

पेन्सिल टेकवली. नीट ओढली रेघ.
"वाढलास की रे," म्हटलं.
त्यानं टाच खाली आणली,
हळूच, मला ऐकू जाऊ नये अशी.