यजमान, पाहुणा

मार्यूनने लॅपटॉप आणला तो लोकरीच्या पिशवीत.
वर मासळीचा वास,
आत दोनशे सुयांच्या विणयंत्राचे आराखडे.
क्लाक्सविकमध्ये अशा दुरुस्तीचं दुकान माझं एकट्याचं,
बाकी सगळे जाळी दुरुस्त करतात.

"डिस्क एक," ती म्हणाली, "आणि बिऱ्हाडं दोन.
अर्धी माझी, लिनक्स. अर्धी होग्नीची, विंडोज.
चालू करताना काळ्या पडद्यावर दोन नावं येतात
आणि दहा सेकंदांत ठरवावं लागतं
आज कोण जागं राहणार.
तो बॅरेंट्स समुद्रावर आहे, मार्चपर्यंत.
बोटीच्या कर्जाचा हिशेब त्याच्या अर्ध्यात, बँकेला आजच हवाय.
माझी वीण बंद न करता
त्याचं दार उघडून द्या."

आमच्या धंद्यात,
जो आधीपासून जागा तो यजमान,
जो त्याच्या खिडकीत उघडतो तो पाहुणा.
म्हणजे बाई, तुमचे यजमान
तुमच्याकडे पाहुणे म्हणून येणार.
हा विनोद माझ्याच भाषेत होतो,
म्हणून मनात ठेवला.

नक्कल करायची नव्हती.
चिठ्ठीएवढी एक फाइल बनवली,
आत काहीच नाही, नुसता पत्ता:
अमुक डिस्क, तिसरा कप्पा, इथून इथपर्यंत.
तिचे कप्पे त्याला कोरे दिसतील असं केलं,
कारण सुरुवातीच्या यादीत तिचंही नाव होतं.
चुकून ते निवडलं गेलं असतं
तर ती स्वतःच्याच आत दुसऱ्यांदा जागी झाली असती
आणि दोन हातांनी एकाच पानावर
स्वतःचंच लिहिलेलं खोडत बसली असती.

तरी कप्पा उघडेना.
होग्नीने यंत्र बंद केलंच नव्हतं, झोपवलं होतं,
घाईतला माणूस कप अर्धा ठेवून निघतो तसं.
उघडी पानं तशीच गोठलेली.
झोपलेल्याला झोपेतच दुसऱ्या घरी हलवू नये,
उठतो तेव्हा भिंती चाचपडतो
आणि जिथे दार नाही तिथून बाहेर पडायला बघतो.
म्हणून आधी त्याच्याच घरात उठवलं.
काळा पडदा. दुसरं नाव.

हिशेब नव्हता उघडा.
जतन न केलेलं एक टिपण, चार ओळी:
"मार्यून, या खेपेनंतर मी बहुतेक"

पुढचं वाचलं नाही.
खरं सांगायचं तर एक शब्द वाचला.
बंद करताना यंत्राने विचारलं, जतन करायचं?
मी हो म्हटलं. नाव दिलं, बिननावाचं.
समोरच ठेवलं, दिसेल असं.

मग तिच्या पडद्यावर, वीणीशेजारी,
एक चौकोन काळा झाला, निळा झाला,
आणि तो जागा झाला.
गोंधळला. हे यंत्र माझं नाही म्हणाला,
पडदा एवढासा कसा, आवाज कुठाय,
परवाना दाखवा.
"चार महिने समुद्रावर काढले की
पहिल्या रात्री असाच करतो," मार्यून म्हणाली.

घड्याळ मात्र बरोबर होतं.
हिवाळ्यात दोघांचं जुळतं, इथली वेळच तशी.
उन्हाळ्यात एका तासाचा फरक पडेल, म्हटलं, तेवढा सोसा.
आणि तो जागा असताना
त्याच्या कप्प्यात बाहेरून हात घालू नका.
काही हवं तर मागा.

तिने हिशेब काढला, बँकेला पाठवला.
मग तिची नजर त्या बिननावावर गेली.
मी चहा ठेवायला आत गेलो,
दोन कप विसळले, तिसरा उगाच विसळला.

परत आलो तेव्हा चौकोन बाजूला सारलेला होता
आणि ती आराखड्यातली एक बाही
ओळीओळीने लहान करत होती.
चहा नको म्हणाली.
"याला बंद कसं करायचं तेवढं दाखवा.
झोपवायचं नाही. नीट बंद."