दोन सूत जास्त

थिबोंचा वेंडेल सकाळी सातला आला
पिकअपमागं करवतीची गाडी ओढत:
दोन रूळ, पट्ट्याची करवत,
आणि गवत कापायच्या मशीनचा थोरला भाऊ शोभेल असं इंजिन.
हार्डविकच्या या चढावर एप्रिलचा चिखल असा
की आधी चाकं रुतली, मग आम्ही, मग कुत्रं.

मेपल डिसेंबरच्या वाऱ्यात पडलेला.
मी त्याचा मालक, कागदोपत्री, सहा वर्षं.
बुंध्याची वर्तुळं मोजायला बसलो एकदा,
नव्वदीच्या पुढं चष्मा धुरकटला,
सोडून दिलं.

वेंडेल बोलत नाही, हनुवटीनं खुणा करतो.
आकडीचा दांडा रोवून एक हिसका दिला की
अर्ध्या टनाचा ओंडका
झोपेत कूस बदलावी तसा वळतो.
पहिला काप सालीचा.
साल निघाली, आतून ओली, लोण्याच्या रंगाची.
झाडाची साल आणि सरलेलं साल,
आमच्याकडं दोन्हींना एकच शब्द,
हे त्याला सांगावंसं वाटलं.
पण इंजिन चालू होतं,
आणि इंग्रजीत त्यातलं काहीच उरलं नसतं.

दुसऱ्या फळीवर माझं भोक सापडलं.
इथं आल्यावरच्या पहिल्या मार्चमध्ये
व्हिडिओ बघून पाडलेलं, तिरकं.
दीड बादली रस मिळाला होता,
आटवून वाटीभर पाक,
तोही करपलेला.

मग तिची सुरू झाली.
लुसील गान्यों, जिनं आम्हाला घर विकलं
आणि किल्ल्यांबरोबर पत्र्याच्या बादल्याही दिल्या.
फळीगणिक तीन, कुठं चार,
प्रत्येक भोकाच्या वर-खाली तपकिरी ओघळ,
शाईचं बोट पुसल्यासारखा.
आधीची कंबरेच्या उंचीवर,
मग छातीच्या,
मग खांद्याच्या.
करवत आत जाईल तशी बाई तरुण होत गेली,
आणि मी फळ्या उचलून रचत गेलो,
दुसऱ्याची पत्रं हाती लागल्यासारखा,
न वाचता, तरी वाचत.

अकराव्या फळीला पातं किंचाळलं.
ठिणगी. वेंडेलनं इंजिन मारलं.
इतक्या शांततेत ओढ्याचा आवाज ऐकू आला.

गुडघ्याच्या जरा वर, वेडंवाकडं,
एक भोक, आणि त्यात लोखंडी नळी तशीच.
कुणी काढलीच नव्हती.
झाडानं ती गिळली, वर लाकूड चढवलं,
आणि भोवती निळंकाळं पडत राहिलं,
खोल, पन्नासेक वर्षं.
एवढ्या उंचीवर मोठं माणूस भोक पाडत नाही.

"डेनिस," वेंडेल म्हणाला.
हातमोजा काढला, नळीवरून बोट फिरवलं.
डेनिस कोण, मी विचारलं.
त्यानं नवं पातं चढवलं,
ताण बघितला,
दोरी ओढली.

दुपारी थप्पी लावली, फळ्यांमध्ये काटक्या घालून,
वारा खेळावा म्हणून.
टोकांना स्वयंपाकघराचा उरलेला पिवळा रंग,
नाहीतर तडे जातात.
"इंचाला एक वर्ष," तो म्हणाला. "घाई नको.
पाव इंच जास्तच कापलंय,
वाळताना आकसतं."
दोन सूत, मी मनात म्हटलं.
वडील फिटर होते,
जास्तीचे दोन सूत ठेवल्याशिवाय
त्यांनी कधी काही कापलं नाही,
एक मला बोलताना सोडलं, तर.

जाताना त्यानं पात्याचे पैसे धरले नाहीत.
नळी त्याच्या शर्टाच्या खिशात होती,
कापडाला गंजाचा डाग.
दर रविवारी वेंडेल नर्सिंग होममध्ये जातो,
लुसीलसमोर तासभर बसतो,
हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
मला दुकानात कळलं, आज,
खिळे घ्यायला गेलो तेव्हा.

अंगणात भुशाचा ढीग तसाच आहे.
कुत्रं त्यात लोळून आलं,
आणि घरभर गोड वास.