रजेवर

लांजेवार मॅडम पहिल्यांदा शेडवर आल्या
तेव्हा आंबिया बहाराचा माल ओट्यावर ओतलेला,
बाया प्रतवारीला बसलेल्या,
आणि मी कॅरेट मोजत होतो.
त्यांनी विचारलं, किती?
मी म्हटलं, तुमच्या किती-नं माझं किती गेलं.

पुन्हा एकपासून.

त्यांच्या वहीत बाण होते.
जरूड ते कोलकाता, ठळक.
कोलकाता ते जरूड, तुटक रेघांचा,
आणि खाली: सहाशे जातात, पाचशे चाळीस येतात,
गळती दहा टक्के.
"गळती नळाले असते मॅडम," मी म्हटलं,
"कॅरेटाले पाय असतात."

मग दाखवत फिरलो.
हे पानठेल्याचं स्टूल.
हे पाणीपुरवठ्याच्या स्टार्टरवर उलटं, पावसासाठी.
हे शाळेच्या नळाखाली, चिखलात पाय ठेवायला.
अफरोजभाईच्या केबिनमध्ये एक, स्टोव्हसकट.
शेवंताबाई धुर्वेंच्या अंगणातल्या कॅरेटात
कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिनं आमच्याकडे असं पाहिलं
की मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

हसल्या. पण वहीतला आकडा तोच.
पुढच्या खेपेला स्टिकर आणले, काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे.
मी सांगितलं होतं, संत्र्याच्या सालीचं तेल गोंद खातं.
आठ दिवसांत स्टिकर सगळीकडे,
बायांच्या टाचांना, मालकाच्या गाडीला,
एक बैलाच्या शिंगाला.
कॅरेटावर एकही नाही.

तेव्हा त्यांनी एक कॅरेट पालथं केलं, बसल्या,
आणि म्हणाल्या, यावलेभाऊ, तुम्ही हिशेब कुठे ठेवता?

वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा.
डावीकडे आपले त्यांच्याकडे,
उजवीकडे त्यांचे आपल्याकडे:
पांढुर्ण्याचे निळे, भुयारांचे लाल,
एक हिरवं, कोणाचं ते हिरव्यालाच ठाऊक.
कागद कोणी करत नाही.
बहार संपला की बसतो, चहा होतो, फिटतं.
मॅडम बराच वेळ उभ्या.
मग म्हणाल्या, माझा अर्धा तक्ता तुमच्या भिंतीवर होता.

पण खोटं कशाला बोलू,
माझ्या भिंतीला देवरीच्या पलीकडचं दिसत नव्हतं.
त्यांनी दोन महिन्यांच्या पावत्या तारखेनं लावल्या,
अफरोजभाईसोबत एक अख्खी खेप केली, जाऊन-येऊन,
आणि परत आल्यावर, धूळ न झटकता, सांगितलं:
गोंदियाचा तांदूळ मिळाला की गाडीवाले
रिकामे कॅरेट ढाब्यामागे उतरवतात,
पुढच्या गाडीत टाकू म्हणून.
पुढच्या गाडीलाही तांदूळच मिळतो.
सरासरी अकरा दिवस.

ज्यांना मी वीस वर्षं हरवले म्हणत आलो
ते ताडपत्रीखाली वाट बघत उभे होते.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता देवरीला एक पोट्टा हाये, फोन करते.
खरा तोटा साठ नव्हताच, सतरा निघाला.
मालकानं खुशीत शेडला चुना मारला,
भिंतीसकट.
मॅडमकडे फोटो होता म्हणून बरं.
मी दुसऱ्या दिवशी कोळसा घेतला.

त्यांच्या तक्त्यात स्थिती नावाचा रकाना होता,
त्यात तीनच शब्द: भरलेलं, रिकामं, वाटेत.
मी म्हटलं, चौथा पाहिजे.
म्हणाल्या, कोणता?
म्हटलं, रजेवर.
त्यांनी लिहिला.

पुढे त्यांचा निबंध तपासणाऱ्या कोण्या मोठ्या माणसानं
समासात प्रश्न काढला,
रजेवर म्हणजे नक्की किती दिवस?
मॅडमचा मला फोन, काय लिहू?

मी शेवंताबाईंच्या अंगणात जाऊन विचारून आलो.
लिहा, म्हटलं,
एकवीस. मंग हजर होते.