अडतीस हजारांत

मार्च ते मे, एकशे नव्वद घरं.
एका कूलरच्या तिन्ही ताट्या बदलायचे दोनशे,
टाकी खरवडून दिली तर चहा वरून.
बोटांचा ओल्या गवताचा वास जूनपर्यंत गेला नाही.
पैसे ठेवले आईच्या बटणांच्या डब्यात
आणि यादी वहीच्या मागच्या पानावर.

प्रोसेसर नऊ हजार.
बोर्ड बासष्टशे. रॅम सोळा, म्हणजे चौतीसशे.
एसएसडी एकोणतीसशे,
दोन मोठे गेम मावतील,
तिसरा आला की एकाला घर सोडावं लागेल.
कार्ड साडेदहा हजार, वापरलेलं,
मनीषनगरच्या सौमित्र काळबांडेचं, त्याला पुण्यात नोकरी लागली.
पॉवर सप्लाय अकराशे.
आणि काचेचा कॅबिनेट, साडेचार हजार,
ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं चाललं होतं,
पण ते मी वहीलाही सांगितलं नव्हतं.
बेरीज सदतीस हजार सहाशे.
उरले चारशे. मित्रांना तर्री-पोहा.

सीताबर्डीत लखवानीच्या काउंटरवर
बाबांनी एकच वस्तू हातात घेतली.
बाबा गोळीबार चौकात मोटारी भरतात,
जळलेल्या कूलरच्या, पंपांच्या,
एकदा कुणाच्या लग्नातल्या कारंज्याची.
गेम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही.
वजन ठाऊक आहे.
पॉवर सप्लाय त्यांनी तळहातावर तोलला, खाली ठेवला.
"याच्यात तांबं नाई बे,"
लखवानीला ऐकू जाईल इतपत हळू.
"मे महिन्यात लाईट कमीजास्त होते.
दुपारी तीन वाजता हे जळन,
अन् जाता जाता सारंच घेऊन जाईन."

दुसरा आला, एक्केचाळीसशेचा.
तो त्यांनी बराच वेळ हातात धरला,
जसं कुणाचं बाळ परत द्यायचं विसरावं.

उरले एकोणीसशे.
सगळ्यात स्वस्त डबा सव्वीसशेला.
काचेच्या मागे निळा, जांभळा, पुन्हा निळा
पंखा फिरत होता, मी दुसरीकडे पाहिलं.
लखवानी म्हणाला, "गेमिंगला लाईट तर पाहिजे ना भाऊ."
बाबांनी मला विचारलं, "डबाच पाहिजे ना?"

भंगारातल्या कूलरचा पत्रा, हिरवा,
एका बाजूला त्याच्याच तिरक्या जाळ्या.
बोर्डाची भोकं बाबांनी सुतळीनं मोजली.
बोर्ड पत्र्याला टेकू नये हे मी सांगायच्या आधीच
पितळी स्टड कापून ठेवले होते.
कार्डाचा एक पंखा कुरकुरत होता,
त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब,
मी डोळे मिटून घेतले.

मित्र आले. एकानं चारी बाजूंनी पाहिलं,
"पाणी कुठून टाकतो बे याच्यात?"
मीही हसलो, जरा उशिरा.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, पडदा काळाच.
रॅम काढली, पुसली, कट्ट आवाज येईपर्यंत दाबली.
मग अक्षरं आली,
आतेभावाच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतल्या मॉनिटरवर,
ज्याच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका कायमचा राहायला आहे.
बाबा पडद्याकडे बघतच नव्हते.
मागे वाकून त्यांनी कागदाची पट्टी धरली होती.
पट्टी जाळीला चिकटली.
"हवा आत ओढून राह्यला. उलटा बसवला तू."
उलटा बसवला होता.

पुढचा मे आला. दुपारचे तीन.
बल्ब पिवळा पडला, खिडकीतला कूलर धापा टाकत मंदावला,
स्टॅबिलायझर दोनदा खाकरला.
हिरवा डबा चालत राहिला.
मी गेममध्ये मेलो, पण तो माझाच दोष.

दुकानासमोरून जाताना
काचेच्या कॅबिनेटकडे मी अजूनही पाहतो.

रात्री जेवताना बाबा विचारतात,
"आज आत किती होतं?"
चौऱ्याहत्तर, मी सांगतो. बाहेर सेहेचाळीस.
ते भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचार करतात.
"ताटी लावू का एक?"
नको बाबा.
चेहरा अगदी गंभीर.
ती गंमत होती की नाही,
मला अजून कळलेलं नाही.