वाळवण

आमच्या फेरो बेटांवर ऊन येतं ते पाहुण्यासारखं,
बूट न काढता दारातच उभं राहतं, आणि निघतं.
इथे कपडे वाळत नाहीत, फक्त कमी ओले होतात.
मासे आणि मेंढीच्या मांड्या वाऱ्यावर सुकवतो आम्ही,
फटींच्या भिंतींच्या खोपटात, मिठाचा कणही न लावता.
लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात
हानुसची तंबाखू मी तिथेच पसरली.
महिनाभर त्याच्या पाईपला मेंढीचा वास.
सासूबाई ओद्वर म्हणाल्या,
"बरं झालं, आता त्याला जेवण वेगळं नको वाढायला."

डबा येतो जहाजातून,
आत तंबाखू दमट, चिकट, जणू नुकती नाहून आलेली.
तशीच भरली तर पाईप गुरगुरतो,
काडीमागून काडी जाते,
धूर कमी, वाफ जास्त, आणि जिभेला चटका.
म्हणून भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यावर,
ज्याचे सगळे आकडे आता खोटे,
ती मोकळी करायची, गुंता सोडवत,
आणि चुलीपासून दोन हात लांब ठेवायची.
किती वेळ? बटाटे उकडेपर्यंत.
धुकं असेल तर
बटाटे सोलून, खाऊन, ताटं घासून होईपर्यंत.

घड्याळावर जाऊ नये.
चिमटीत धरायची, दाबायची, सोडायची.
गोळा तसाच बसून राहिला तर अजून थांब.
कुरकुरून मोडला तर वेळ गेली,
मग बटाट्याची साल बरणीत टाकून मनधरणी कर.
दाबल्यावर जरा विचार करून
हळूहळू उलगडली, तर झाली.

ही चिमटी आधी त्याची होती.
वीस वर्षं गोठलेले दोर, इंजिनाचं तेल,
आणि एका वसंतात तो घरी आला
तेव्हा बोटांची टोकं समुद्रातच राहिली होती.
म्हणजे दिसायला होती, दहाच्या दहा.
पण तंबाखू ओली की सुकी,
माझा गाल गरम की गार,
काही कळेना.
तक्ता माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तू बघ."
आमच्याकडे याला भाषण म्हणतात.

तेव्हापासून मीच बघते,
आयुष्यात एक झुरका न घेतलेली मी.
मिश्रणही माझ्याच हातचं:
पिवळी व्हर्जिनिया पाच चमचे, गवताच्या गंजीचा वास.
काळी लताकिया दोन, हिला जळक्या होडीचा.
ती मुळातच कोरडी, तिला चूल नुसती दाखवायची.
वर पेरीकची चिमूट, सुक्या अंजिरासारखी,
पण मिरीसारखी नाकात चढणारी.
मग बरणीचं झाकण घट्ट, दहा दिवस,
एकमेकींची ओळख होईपर्यंत.

त्याचा खोकला वाढला तेव्हा
काळीचे दोन चमचे मी दीडवर आणले.
पुढच्या फेरीला सव्वा.
त्यापुढच्या फेरीला एक, तोही सपाट.
सहा आठवड्यांनी तो परतायचा, बरणी रिकामी,
म्हणायचा, "चांगली होती."
मला वाटलं, जिंकले.

मार्चमध्ये त्याचं लोकरी जाकीट धुवायला काढलं
तर आतल्या खिशात, शिवणीलगत,
कागदाची पुडी.
निव्वळ काळी.
आणि पुडीत खोचलेला लहान चमचा,
माझ्याच फडताळातला,
जो मी तीन वर्षं शोधत होते
आणि ज्यावरून शेजारच्या मार्युनशी बोलणं टाकलं होतं.

पुडी चिमटीत धरून पाहिली.
ओली. खिशात समुद्र शिरलेला.
आणि हा बाबा ती तशीच मिसळत होता,
कळणार कशानं त्याला.

बटाटे चढवले.
पुडी तक्त्यावर रिकामी केली,
दाबली, सोडली, दाबली,
ती जरा विचार करून उलगडेपर्यंत थांबले.
मग होती तशी घडी घालून
जाकीट वाळल्यावर
त्याच खिशात परत ठेवली.

चमचा मात्र काढून घेतला.